राणोजीराव आणि लाल बटण

राणोजीराव पहिल्यांदा आमच्या घरी आले ते मी कॉलेजात विसरलेला डबा परत द्यायला. डबा दिला, पाणी प्यायले आणि सव्वापाचला "जाऊन येतों" म्हणून उठले. चप्पल घालताना त्यांना आठवलं, की आमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारायचं राहिलं. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकल्यावर त्यांनी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांच्या धाकट्या मेव्हणीचं लग्न मोडलं, ते पाचव्या पायरीवर पुन्हा जमलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना ते फाटकाशी पोचले आणि तिथून ओरडून म्हणाले, "अय्यो ऋजुताबाई! मी कां आलों होतों, तें सांगायचंच राहिलं की!"

डबा नुसतं निमित्त होतं. खरी गोष्ट त्यांनी फाटकाची कडी धरून सांगितली.

"प्रिन्सिपाल सार माझी फाईल काढलेत. दिवाळीच्या आधी तुमच्या वर्गाचं तें आनलाईन सेरि, म्हणजे नीट, झालं नाहीं, तर खोली नंबर चौदा बंद. मला खालच्या गोदामांत टाकणार अहेत. मोडक्या बाकांजवळ."

"मग?" मी म्हटलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुकरला लावायची डाळ होती.

"मग काय? मोडक्या बाकांशी मी काय बोलू?"

हे त्यांनी इतक्या कळवळून विचारलं, की मी डाळ विसरले. ज्या माणसाला एका डब्यापायी पस्तीस मिनिटं निरोप घ्यावा लागतो, त्याला मुक्या लाकडांत नेऊन बसवायचं म्हणजे काळ्या पाण्यावर पाठवणंच झालं.

आता राणोजीराव कोण ते सांगते. आमचं कॉलेज चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. एका बाजूला नटबोल्ट बनवतात, दुसऱ्या बाजूला आम्ही बी.कॉम. बनवतो. तिथे राणोजीराव एकतीस वर्षं लॅब असिस्टंट आहेत आणि खोली नंबर चौदा हे त्यांचं राज्य. तिथे आधी स्लाइड दाखवायचं यंत्र होतं, मग पडद्यावर चित्र फेकणारं यंत्र आलं, मग कॉम्प्युटर आले. राज्याचा राजा तोच राहिला. प्रत्येक कॉम्प्युटरच्या कपाळी गेल्या आयुधपूजेचं चंदन-कुंकू अजून आहे आणि ते पुसणाऱ्याची धडगत नाही.

घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांमागे कुणी पूर्वज घोड्यावरून आले आणि परत जायचं विसरले, असं ते स्वतःच सांगतात. मी साताऱ्याची, लग्न होऊन नऊ वर्षांपूर्वी चेन्नईत आलेली. पहिल्याच दिवशी माझं मराठी ऐकून ते म्हणाले होते, "चांगलं अहे हो तुमचं मराठी. जरा कच्चं अहे. आमचं कसं, तीनशे वर्षं बरणींत मुरलेलं." मी साताऱ्याची असून गप्प बसले. असं क्वचित होतं.

कॉलेजात बाकी सगळा कारभार तमिळ आणि इंग्रजीत. या गोष्टीत मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय. राणोजीराव तेवढे आपलं आपण बोलतात.

तर त्या वर्षी प्राचार्य चंद्रमौळींनी फर्मान काढलं. अर्धे तास वर्गात, अर्धे तास ऑनलाइन. त्याला मोठं इंग्रजी नाव होतं, आणि त्या नावाने मुलं इतकी बिचकली की राणोजीरावांना ते फोड करून सांगावं लागलं. "हें बघा कण्णा, भात कालेजांत शिजतो, सांबार घरीं. कालवायचं तुमचं तुम्हीं, आपल्या हातानं." कण्णा म्हणजे बाळा, सगळ्या मुलांना ते हेच म्हणत. मुलांना पटलं. प्राचार्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

माझा संख्याशास्त्राचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग प्रयोगासाठी निवडला. त्रेचाळीस मुलं. सोमवारी आणि बुधवारी वर्गात, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला ऑनलाइन. प्रत्येक ऑनलाइन तासाला एक तक्ता आपोआप तयार व्हायचा. जो विद्यार्थी तासात एकदा तरी माइक चालू करून बोलला त्याचं नाव हिरवं, जो नाही बोलला त्याचं लाल. दिवाळीपूर्वी प्राचार्य स्वतः एका तासाला बसणार होते. त्या दिवशी तीन चतुर्थांश वर्ग, म्हणजे तेहेतीस नावं, हिरवी असली तर ठीक. नसली तर मुलांना शिकतं करायचं काम पेरुंगुडीच्या एका कंपनीला जाणार, खोली चौदाला कुलूप आणि राणोजीराव तळघरात.

पहिल्या मंगळवारी मी नवी साडी नेसून पडद्यासमोर बसले. समोर त्रेचाळीस काळे चौकोन. मी विनोद केला, कुणी हसलं नाही. मी चुकीचं गणित मुद्दाम लिहिलं, कुणी हटकलं नाही. "समजलं का?" म्हटलं तर फक्त सुब्बा नावाच्या मुलाने उभा अंगठा पाठवला. मला तेवढ्याने भरून आलं. मग लक्षात आलं, की हा अंगठा दर दहा मिनिटांनी येतो. परीक्षा घ्यायची म्हणून मी विचारलं, "सुब्बा, तुझ्या घराला आग लागली आहे का?" अंगठा.

तक्त्यावर हिरवं नाव एकच. तेही माझं.

माझा पारा चढायला फार लागत नाही. बुधवारी वर्गात मी त्या त्रेचाळिसांना असं झाडलं, की शेजारच्या कारखान्यातलं यंत्रही जरा दबकून चालायला लागलं. वर्गात ही मुलं पोपटासारखी बोलतात हो! प्रश्न विचारतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, माझ्या मराठी वळणाच्या तमिळची नक्कल करतात. मंगळवार आला की तोंडाला कुलूप. मला वाटलं, आळशी आहेत, लोळत असतील. राणोजीरावांना तसं वाटलं नाही. ते म्हणाले, "रागावून मैक उघडत नाहीं, ऋजुताबाई. शनिवारीं माझ्याकडे पाठवा."

शनिवारी खोली चौदात त्यांनी मुलांना चौकशीला बसवलं, म्हणजे आधी त्यांच्यासाठी घरून आणलेली मुरुक्कू, इकडची चकली, वाटली. त्यांच्या बायकोने, भवानीबाईंनी, डबाभर दिली होती. तोंडात मुरुक्कू असलेला माणूस खोटं बोलत नाही, असा राणोजीरावांचा अनुभव. आणि खरंच, अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं.

धनलक्ष्मी नावाची मुलगी होती. आवडी नावाच्या उपनगरातून लोकलने यायची, पहिल्या बाकावर बसायची, हुशार. तिचं घर एका खोलीचं. आई इडली-डोशाचं पीठ दळून विकायची. दहाचा तास म्हणजे तिच्याकडे ग्राइंडरची ऐन वेळ. "मी माइक चालू केला की आमचं सगळं घर वर्गात येतं, सार," ती खाली बघून म्हणाली. "सगळे हसतील." सुब्बाची अडचण वेगळी. त्याच्या आजीला वाटे, फोनमधून जो आवाज येतो तो आपल्यालाच काहीतरी विचारतोय, आणि ती उत्तरं द्यायची. म्हणून तो फोन उशीखाली ठेवून उशीखालूनच अंगठा दाबायचा. कुणाकडे कुत्रा, कुणाकडे रिक्षास्टँड, कुणाचा काका दिवसभर शिंकणारा. लोळत कुणीच नव्हतं. मला माझ्या बुधवारच्या भाषणाची लाज वाटली, आणि ती वाटली हे मी राणोजीरावांना सांगितलंही. त्यांनी मला दोन मुरुक्कू जास्त दिल्या.

यावर राणोजीरावांनी जो उपाय काढला तो कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या घरचा आवाज फोनवर भरून आणायचा. त्रेचाळीस मुलं रांगेने उभी राहिली आणि राणोजीराव लग्नमंडपात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे एकेक आवाज सादर करायला लागले.

"हा धनलक्ष्मीच्या घरचा ग्रैंडर. नमस्कार करा."

सगळ्यांनी ग्राइंडरला हात जोडले.

"ही सुब्बाची पाट्टी. काय म्हणते अहे? हां, जेवलात का विचारते. सांगा, जेवलों."

"जेवलो, पाट्टी!" त्रेचाळीस जणांनी फोनला सांगितलं. सुब्बा पोट धरून हसत होता.

"हे काकांचं शिंकणं. बसा, बसा, अजून तीन बाकी अहेत."

दोन तास हा गोंधळ चालला. शेवटी कुणाचा कुत्रा कुठला आणि कुणाचं रिक्षास्टँड कुठलं हे डोळे मिटून ओळखायची स्पर्धा झाली. धनलक्ष्मीचा ग्राइंडर पहिला आला, कारण त्याला मधेच उचकी लागायची. ती घरी जाताना ताठ मानेने गेली.

मला वाटलं, जिंकलो. मंगळवारी हिरवी नावं अकरा झाली. शुक्रवारी तेरा. पुढच्या मंगळवारी पुन्हा अकरा. लाज गेली होती, पण लाज गेली म्हणून बोलायला विषय सुचतो असं नाही. तासात मुलं माइक चालू करायला तयार होती, पण कशासाठी? "समजलं का?" या प्रश्नाला आजवर कुठल्या विद्यार्थ्याने खरं उत्तर दिलंय?

दिवाळी चार आठवड्यांवर आली, तेव्हा राणोजीराव म्हणाले, "मी स्वतः तासाला बसतों. बघतों कुठं अडतं अहे." शुक्रवारी चव्वेचाळिसावा चौकोन उघडला. त्यात भस्म लावलेलं अर्धं कपाळ आणि मागे भिंतीवरचं कॅलेंडर. पन्नास मिनिटं ते कपाळ हललं नाही. मग मी म्हटलं, "चला, तास संपला." आणि पापड फुटावेत तसे चौकोन एकेक करून नाहीसे झाले. पाच सेकंदांत पडद्यावर मी आणि ते कपाळ.

"हें काय झालं?" कपाळ म्हणालं.

"काय?"

"गेले? न सांगतां गेले?"

"अहो, लाल बटण दाबलं की बाहेर पडता येतं. तशी सोयच आहे."

"सोय असली म्हणून? घरांत मागचं दार असतं, म्हणून पाहुणा मागच्या दारानं जातो का?" मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आणि त्या बटणावर काय लिहिलं अहे बघा. जा, म्हणून! शिव शिव. भरल्या घरांत कुणी 'जातो' म्हणतं का?"

मराठी असो की तमिळ, दोन्हींकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. आपण 'येतो' म्हणतो, तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन', म्हणजे जाऊन येतो. तंजावरकडच्यांना दोन्हींचा वसा, त्यामुळे राणोजीरावांचं दुप्पट कडक. शनिवारी खोली चौदात कायदा झाला. लाल बटणाला हात लावण्याआधी माइक चालू करायचा, टीचरचं नाव घ्यायचं, "पोयिट्टु वरेन" म्हणायचं, टीचरने "ये" म्हटलं की मगच बटण. सगळ्यांनी एकदम नाही. हजेरीच्या क्रमाने, एकेक. मुलांना हा खेळ आवडला. मला कुणी विचारलं नाही.

मंगळवारी तास संपला आणि निरोप सुरू झाला. "पोयिट्टु वरेन, मॅम." "ये." "पोयिट्टु वरेन, मॅम." "ये." त्रेचाळीस वेळा. मधे सुब्बाच्या आजीने स्वतःचा वेगळा निरोप घेतला. शिंकणाऱ्या काकांना थांबून "शंभर वर्षं जगा" म्हणावं लागलं. पंचवीस मिनिटांनी पडद्यावर पुन्हा मी आणि ते कपाळ उरलो.

"राणोजीराव, आता तुम्ही."

"छे. तुम्हीं गुरु. गुरूच्या आधी मी कसा जाऊं?"

"बरं, मग मी निघते."

"यजमान तुम्हीं. घरांत पाहुणा बसला अहे आणि यजमान उठून जातो का?"

बाराला माझा कॉलेजात तास होता. मी त्यांना विनवलं, दटावलं, सासूबाईंच्या गुडघ्याची शपथ घातली. ते पाहुण्यासारखे बसून राहिले. शेवटी मी ते जालीम बटण दाबलं, ज्याने यजमान सगळ्यांनाच एका फटक्यात बाहेर काढतो. राणोजीराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "तोंडावर दार लावलात, ऋजुताबाई."

मलाही राग आला होता. मी म्हटलं, "हे बघा, निरोपांनी तक्ता हिरवा करायचा असला तर मला नको. ती लबाडी होईल. प्राचार्य बसतील त्या दिवशी हा प्रकार बंद."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं भांडतील. पण ते म्हणाले, "तक्त्यासाठीं नाहीं केलों मी. मला तक्ता सुचलाच नाहीं." आणि ते खरं होतं. स्वतःचं राज्य बुडत असताना हा माणूस मुलांच्या मर्यादेच्या काळजीत होता. मी कितीही शहाणी असले तरी हे मला त्या जिन्यात कळलं नाही, घरी भाजी चिरताना कळलं.

प्राचार्यांचा मंगळवार उजाडला. चंद्रमौळी सार म्हणजे इस्त्रीचा माणूस. शर्टाला इस्त्री, मिशीला इस्त्री, बोलण्याला तर दोनदा. ते पेरुंगुडीच्या आपल्या फ्लॅटमधून तासाला बसले. कॉलर कडक, चेहरा दगडी. मी विषय घेतला होता प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून आकडे किती दूर पांगतात ते मोजणं. मी जीव तोडून शिकवलं. आकृत्या काढल्या. मुलांची नावं घेऊन प्रश्न विचारले, तेव्हा नऊ जण घाबरत हो-नाही बोलले. बाकी चौतीस नावं पिकलेल्या मिरच्यांसारखी लाल. राणोजीरावांचं कपाळ एका कोपऱ्यात घामाने चमकत होतं. भस्म ओघळायला लागलं तेव्हा मला पडद्याकडे बघवेना.

अकराला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, "तास संपला. निघा." आणि मनात म्हटलं, राणोजीरावही संपले.

कुणी निघालं नाही. एक चौकोन उजळला. ग्राइंडरची घरघर, मधे उचकी, आणि धनलक्ष्मी. "पोयिट्टु वरेन, मॅम."

मी मनाई केली होती ती राणोजीरावांना. मुलांना ते सांगायचं त्यांच्याकडून राहिलं, की जमलं नाही, देव जाणे. "ये," मी पुटपुटले.

"मॅम," ती बटणाशी थांबून म्हणाली, "निघता निघता एक शंका."

"विचार."

"आमच्याकडे रोज सरासरी चाळीस किलो पीठ लागतं. पण शुक्रवारी सत्तर लागतं आणि मंगळवारी वीससुद्धा जात नाही. आई सरासरीवर भिजवायला लागली, तर शुक्रवारी गिऱ्हाईक परत जाईल आणि मंगळवारी पीठ आंबून जाईल. मग सरासरी काढून तिला उपयोग काय?"

मी पन्नास मिनिटं खडूने जे सांगत होते, ते या मुलीने पिठाच्या हाताने विचारलं. आनंदाने मी टेबलावर थाप मारली. तेवढ्यात दुसरा चौकोन उजळला.

"म्हणूनच ते विचलन ना, मॅम?" सुब्बा. उशीखालून नव्हे, चक्क तोंडाने. "पोयिट्टु वरेन म्हणायला माइक चालू केला होता, पण हे आधी सांगतो. आठवड्याची सरासरी नाही चालणार. कुठल्या वारी किती पांगतं ते बघायचं."

"मंगळवारी तर कुणी डोसा खातच नाही," मागून त्याची आजी म्हणाली.

"का नाही, पाट्टी? आमच्याकडे खातात," तिसऱ्या चौकोनातून एक मुलगी म्हणाली आणि निरोपाची रांग मोडली. एकेक जण निघायला म्हणून यायचा आणि दारातच थांबायचा. कुणाच्या वडिलांची रिक्षा होती, तिथे पावसाच्या दिवशी भाडी किती वरखाली होतात ते निघालं. कुणी काकांच्या शिंकांची सरासरी काढली, तासाला सहा, पण विचलन भयंकर, कारण काका शिंकतात ते एकदम चोवीस. त्या शिंकांवर मी प्रमाण विचलनाचं सूत्र सोडवून दाखवलं आणि पहिल्यांदाच अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं. मला आमच्या फाटकाची कडी धरून उभे असलेले राणोजीराव आठवले. आपल्या माणसांचं खरं काम दारातच निघतं, चप्पल घातल्यावर. एवढी साधी गोष्ट कुणा तज्ज्ञाला कशी सुचली नाही?

तक्ता बघायचं भान आलं तेव्हा पाऊण तास झाला होता. त्रेचाळीस नावं हिरवी.

आणि या सगळ्यात प्राचार्य तिथेच होते. त्यांचा हात पडद्याकडे सरकलेला दिसला. ते लाल बटण दाबणार, इतक्यात राणोजीराव एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, "सार! सांगून जा सार!"

प्राचार्य दचकले. मग त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. मिशी हलली. आवाज नाही.

"सार, तुमचा माइक बंद आहे," मी म्हटलं.

त्यांनी काहीतरी दाबलं. त्यांचं चित्र उलटं झालं. आणखी काहीतरी दाबलं, तर डोक्यावर मांजराचे कान आले. वर्षभर कॉलेजच्या सगळ्या ऑनलाइन बैठका घेणारे हे गृहस्थ आजवर एकदाही बोलले नव्हते. सेक्रेटरी बोलायचा, हे मान हलवायचे. ज्यांनी फर्मान काढलं त्यांनाच माइक येत नव्हता!

"सार, लाजू नका," धनलक्ष्मी मऊ आवाजात म्हणाली, अगदी खोली चौदाच्या थाटात. "खाली डावीकडे बघा. माइकचं चित्र आहे, त्यावर तिरकी रेघ. त्याला एकदा बोट लावा. हां. एकदाच. दोनदा लावलं की पुन्हा बंद होतो."

"जेवला नाही वाटतं तो," सुब्बाची आजी म्हणाली. "आवाज कसा फुटेल?"

प्राचार्यांनी बोट लावलं. माइक चालू झाला आणि त्यातून प्रथम आवाज आला तो त्यांचा नव्हता. आतल्या खोलीतून एक खणखणीत म्हातारा आवाज म्हणाला, "चंद्रा! साडेअकरा वाजले! अजून आंघोळ नाही? वर शर्ट घालून बसलास म्हणजे झालं का?"

कुणीही हसलं नाही. हे मी अभिमानाने लिहिते. राणोजीरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ह्या प्रिन्सिपाल सारांच्या आई. नमस्कार करा."

"नमस्कार, पाट्टी!" त्रेचाळीस माइकांतून आलं. प्राचार्य मांजराच्या कानांसकट खाली बघत होते. मग त्यांच्या मिशीची इस्त्री मोडली, आणि मला शपथेवर सांगता येईल, ते हसले. "पोयिट्टु वरेन," ते म्हणाले, आणि वाट बघत थांबले. मी "या सार" म्हटल्यावरच त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. शर्ट कडक, मिशी पूर्ववत. म्हणाले, "बोलणं झालं हे खरं, पण ते तास संपल्यावर झालं. नियमात तासातलं बोलणं मोजायचं आहे."

"मग मी तास आधी संपवीन," मी म्हटलं. माझा साताऱ्याचा आवाज लागला होता. "दहाला सुरू करीन, दहा-पंधराला संपवीन, आणि मग पस्तीस मिनिटं सगळे निघत राहतील."

त्यांनी टेबलावरचं पेपरवेट उचलून बाजूला ठेवलं. मग त्यांनी राणोजीरावांची फाईल बंद केली आणि विचारलं, की खोली चौदा शनिवारी किती वाजता उघडते. पुढे कित्येक शनिवारी ते तिथे "पाहणीसाठी" यायचे. मुरुक्कू खायचे आणि माइक चालू-बंद करायचे. राणोजीराव त्यांनाही कण्णा म्हणायचे.

मी राणोजीरावांना बातमी द्यायला गेले तेव्हा ते कॉम्प्युटरवरची धूळ कुंकू वाचवून पुसत होते. त्यांनी ऐकलं, फडकं घडी केलं आणि डोळ्यांना लावलं. मग म्हणाले, "ऋजुताबाई, तें जालीम बटण पुन्हां दाबूं नक्को हां." मी नाही म्हटलं. आजवर दाबलेलं नाही.

पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले, नियमाप्रमाणे, वरच्या मजल्यावरूनच. शाल, नारळ, भाषणं झाली. प्राचार्य माइकवर बोलले, पहिल्याच बोटात. मग राणोजीराव "जाऊन येतों" म्हणाले आणि फाटकापर्यंत पोचायला त्यांना दोन तास लागले. त्यांना घेऊन शेवटची बस निघून गेल्यावर मी वर आले. खोली चौदा उघडीच होती. इतकी शांत, की मला तिथे थांबवेना. आपण एवढी तोंडाळ बाई, आणि त्या माणसाला नीट काही बोललेच नाही, याचं फार वाईट वाटलं.

जुलैत नवा वर्ग आला. नवी एकेचाळीस मुलं, पुन्हा सगळे चौकोन काळे. पहिल्या मंगळवारी दहाला मी हजेरी घेतली आणि पडद्यावर मोजलं तर चौकोन बेचाळीस. बेचाळिसावा उजळला. अर्धं कपाळ, ताजं भस्म, मागे कॅलेंडर, आणि आतून भवानीबाईंच्या मिक्सरचा आवाज.

"राणोजीराव! तुम्ही कसे?"

"कसे म्हणजे?" ते जरा रागावूनच म्हणाले. "जाऊन येतों म्हटलों होतों की नाहीं? आलों."

नवी मुलं गोंधळून ऐकत होती. राणोजीरावांनी मिक्सरच्या दिशेला बोट केलं, ते पडद्यावर कुठेतरी छताकडे गेलं.

"हा आमच्या घरचा मिक्सर," ते म्हणाले. "नमस्कार करा."